नव्या गळ्याचे गाणे



भजनी मंडळातला एक प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. वर्षानुवर्षे एकच बुवा पुढे उभे राहून गात आलेले असतात. काही कारणाने ते मंडळ सोडतात, आणि एकादशी तर तोंडावर आलेली असते. मग मंडळी एखाद्या तरुणाला पुढे करतात. पखवाज तोच, टाळकरी तेच, चालीही त्याच. पोरगा जीव ओतून गातो. भजन संपते आणि ओट्यावर बसलेले कुणी आजोबा म्हणतात, "गायला बरा. पण बुवांची सर नाही."

आजोबांचे चुकले असे मी म्हणत नाही. पण एक शंका मनात येते. आजोबांनी त्या रात्री कुणाला ऐकले? समोर गाणाऱ्या पोराला, की तिथे नसलेल्या बुवांना?

ही शंका घेऊन आज आपण जरा लांब जाऊ. तिकडे इंग्लंडात एका नामांकित रॉक वाद्यवृंदावर नेमका असाच प्रसंग 1980 साली आला. त्यांचा मुख्य गायक निघून गेला, नवा गायक आला, एक तबकडी निघाली आणि पुढे कित्येक वर्षे ती बाजूला पडून राहिली. तबकडीचे नाव 'ड्रामा', आणि वाद्यवृंदाचे नाव 'येस'. येस म्हणजे 'होय'.

आता तुम्ही म्हणाल, हे रॉक संगीत म्हणजे नुसता गोंगाट. आपल्याला त्याचे काय? थोडा धीर धरा. येस मंडळींचे संगीत जरा निराळ्या घडणीचे होते. साधारण रॉक गाणे तीन-चार मिनिटांत आटोपते. 1972 सालच्या 'क्लोज टू द एज' या त्यांच्या तबकडीत मात्र एका संपूर्ण बाजूवर एकच गाणे होते, अठरा मिनिटांहून जास्त लांबीचे. आपल्याकडे ख्याल जसा सावकाश उलगडत जातो, तशी ही गाणी टप्प्याटप्प्याने वाढत. मध्येच लय बदले, वाद्ये एकमेकांशी सवालजवाब करीत, आणि मग सगळे पुन्हा एका जागी येऊन मिळत.

हे मंडळ 1968 साली लंडनमध्ये उभे राहिले. उभे करणारे दोघे, जॉन अँडरसन आणि ख्रिस स्क्वायर. अँडरसन लँकेशायर परगण्यातल्या अ‍ॅक्रिंग्टन या गिरणीगावचे. लहान वयात शाळा सुटली. शेतावर काम केले, घरोघर दूध टाकले, ट्रकही चालवला. पण गळा असा की उंच स्वरात जाऊनही कोवळा राही. त्या स्वराला कुठे ताण म्हणून नसे. स्क्वायर लहानपणी चर्चच्या गायकवृंदात गात. मोठेपणी ते बास गिटार वाजवू लागले. बास गिटार म्हणजे जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. इतर वाद्यवृंदांत हे वाद्य मागे उभे राहून ठेका सांभाळते. स्क्वायरांनी तिला पुढे आणून बोलायला लावले.

बारा वर्षांत या मंडळात कितीतरी वादक आले आणि गेले. ड्रम वाजवणारे बदलले, गिटारवाले बदलले, पेटीसारख्या पट्ट्यांची विजेवर चालणारी वाद्ये वाजवणारे तर दोन-तीनदा बदलले. लोकांनी ते सारे चालवून घेतले. कारण समोर अँडरसन होते. वादक बदलला तर मंडळाने माणूस बदलला असे लोक म्हणतात. गायक बदलला तर मंडळच बदलले असे म्हणतात. माणसाच्या आवाजाशी आपले नाते जडते ते असे.

1979च्या अखेरीस पॅरिसमध्ये नव्या तबकडीचे काम सुरू झाले, पण ते जमेना. कुणाला हलकी, तरल गाणी हवी होती, तर कुणाला दणकट. त्यात ड्रम वाजवणारे अ‍ॅलन व्हाइट यांचा पाय मोडला. काम थांबले ते थांबलेच. 1980 सालच्या सुरुवातीला अँडरसन मंडळ सोडून गेले, आणि त्यांच्याबरोबर पट्ट्यांची वाद्ये वाजवणारे रिक वेकमनही गेले. उरले तिघे : स्क्वायर, व्हाइट आणि गिटारवादक स्टीव्ह हाव. पुढे अमेरिकेचा मोठा दौरा होता. गायक नाही, पट्टीवाला नाही, आणि एकादशी तोंडावर!

इथे गोष्टीत दोन तरुण येतात. ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स. या जोडीचे नाव 'द बगल्स'. त्यांचे एक गाणे नुकतेच, 1979च्या ऑक्टोबरात, इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले होते. त्या गाण्याचे नाव ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार', म्हणजे चित्रफितीने रेडिओवरच्या गायकाचा जीव घेतला! पुढे 1 ऑगस्ट 1981 रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही गाण्यांची दूरचित्रवाहिनी सुरू झाली, तेव्हा तिने पहिले दाखवले ते हेच गाणे. आता रेडिओचा जीव गेला की नाही, ते तुम्हीच ठरवा. आपली ही भेट रेडिओमुळेच होते आहे.

येस आणि बगल्स, दोघांचा कारभार पाहणारा व्यवस्थापक एकच होता. हॉर्न आणि डाउन्स हे दोघे येस मंडळींचे जुने चाहते. आपण केलेले एक गाणे त्यांना द्यावे, एवढ्या हेतूने ते भेटले. गाणे देता देता दोघे मंडळातच सामील झाले. डाउन्स वेकमनांच्या जागी बसले. हॉर्न अँडरसनांच्या जागी उभे राहिले. श्रोतेहो, या दोन वाक्यांतला फरक ध्यानात घ्या. वादक जागेवर बसतो तेव्हा लोक त्याचे हात पाहतात. गायक जागेवर उभा राहतो तेव्हा लोक आधीच्या गायकाला शोधत असतात.

मग लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत काम झपाट्याने उरकले गेले आणि ऑगस्ट 1980 मध्ये 'ड्रामा' बाहेर पडली. सहा गाणी, मिळून सदतीस मिनिटांच्या आसपास. वेष्टनावर रॉजर डीन यांचे चित्र. येसच्या जुन्या तबकड्यांची ओळखच या चित्रकाराच्या अद्भुत डोंगरदऱ्यांनी झालेली होती. मधल्या दोन तबकड्यांना त्यांचे चित्र नव्हते, ते आता परत आले. माणसे नवी होती, पण घराची पाटी जुनी होती.

पहिलेच गाणे 'मशीन मसाया', म्हणजे यंत्ररूपी तारणहार. यंत्रालाच देव मानून बसलेल्या जगाविषयीचे हे गाणे साडेदहा मिनिटांच्या घरात जाते. सुरुवातीला गिटार संथ, जड पावले टाकत येते. डोक्यावर पोते घेऊन कुणी चढण चढावे तशी. येसच्या तोवरच्या गाण्यांत इतका काळोखा आरंभ क्वचितच असेल. मग एकाएकी वाद्ये धावू लागतात, पुन्हा थांबतात, आणि त्या शांततेत आवाज येतो. दुसरे गाणे 'व्हाइट कार' जेमतेम सव्वा मिनिटाचे. आले आणि गेले. तिसरे 'डझ इट रिअली हॅपन' सुरू होते ते स्क्वायरांच्या बास गिटारने, आणि शेवटचा शब्दही तिचाच. 'रन थ्रू द लाइट' या गाण्यात तर हॉर्न यांनी स्वतः बास गिटार हाती घेतली आणि स्क्वायर पियानोवर बसले. नवा माणूस आणि जुना माणूस यांनी एकमेकांची अवजारे बदलून पाहावीत, तसा हा प्रकार. अखेरचे गाणे 'टेम्पस फ्युजिट'. हे लॅटिन शब्द आहेत, अर्थ असा की काळ धावतो. आणि गाणेही तसेच धावते. पाच मिनिटे ती बास गिटार अशी पळते की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या तबकडीत हॉर्न यांचा आवाज कसा लागला आहे?

मी सांगतो, चांगला लागला आहे. तो अँडरसनांसारखा तरल नाही. थोडा कोरडा, थोडा धारदार आहे. यंत्रयुगाच्या गाण्यांना तो शोभतो. आणि ऐकता ऐकता एक नवल लक्षात येते. तबकडी वाजते आहे, अँडरसन तिच्यात नाहीत, तरी हे येसचेच गाणे आहे हे कानाला पटते. असे का व्हावे? जरा कान देऊन ऐकले की उत्तर सापडते. मुख्य आवाजाच्या अंगाला अंग लावून आणखी एक उंच आवाज चालतो आहे. तो स्क्वायरांचा. तो पहिल्या तबकडीपासून तसाच चालत आला होता. ज्याला लोक इतकी वर्षे अँडरसनांचा गळा म्हणत, ती पुष्कळ ठिकाणी दोन गळ्यांची वीण होती. एक धागा निघाला, तेव्हा दुसरा दिसू लागला. म्हणूनच मला ही तबकडी मोलाची वाटते. अँडरसन नसल्यामुळे आतापर्यंत न ऐकलेले स्क्वायर तिच्यात ऐकू येतात.

मग ही तबकडी मागे का पडली? निघाली तेव्हा ती पडली नव्हती. इंग्लंडच्या यादीत ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. अमेरिकेत मात्र अठराव्यावर थांबली, आणि आधीच्या दोन तबकड्या तिथे पहिल्या दहांत गेलेल्या होत्या. खरी परीक्षा झाली ती दौऱ्यावर.

दौऱ्यावर नुसती नवी गाणी गाऊन भागत नाही. लोक तिकीट काढतात ते जुन्या गाण्यांसाठी. ती गाणी अँडरसनांच्या पट्टीत बांधलेली, आणि ती पट्टी खाली आणली गेली नाही. तुमच्यात कुणी गाणारे असतील तर त्यांना हे चटकन कळेल. दुसऱ्याच्या पट्टीत एक गाणे कसेबसे गाता येते. रोज रात्री दोन तास, महिनोन् महिने गायचे म्हणजे गळ्याचे हाल. हॉर्न यांचा गळा थकला, काही रात्री स्वर लागेनासा झाला. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनसारख्या प्रचंड सभागृहात गाणी झाली, तिथे निभावले. पण मायदेशी, इंग्लंडात आल्यावर काही श्रोत्यांनी उघड नाराजी दाखवली. गाणे चालू असताना जुन्या गायकाच्या नावाने ओरडले. 1980च्या डिसेंबरात लंडनमध्ये दौरा संपला आणि पुढच्या काही आठवड्यांत मंडळच मोडले.

त्या श्रोत्यांना मी सर्वस्वी दोष देणार नाही. त्यांनी पैसे मोजले होते, आणि जुनी गाणी त्या रात्री खरोखरच कमी पडली असतील. पण इथे एक घोटाळा झाला, आणि तो आपल्याही हातून नेहमी होतो. रंगमंचावर हॉर्न दुसऱ्याच्या गळ्यासाठी बांधलेली गाणी गात होते. तबकडीवर ते स्वतःच्या गळ्यासाठी बांधलेली गाणी गायले होते. परीक्षा पहिल्याची झाली आणि निकाल दुसऱ्यालाही लागला. पुढे 1983 साली अँडरसन परतले. परतलेल्या बुवांनी मधल्या पोराच्या चाली कशाला गाव्यात? मैफलीत 'ड्रामा'च्या गाण्यांना जागा उरली नाही. मैफलीत जे गाइले जात नाही, ते नव्या पिढीच्या कानावर पडत नाही. चांगली वस्तू अशीच विस्मरणात जाते. तिला कुणी वाईट म्हणावे लागत नाही, तिचे नाव घेणे बंद झाले की पुरते.

आता हॉर्न यांचे काय झाले ते ऐका. माणूस खचला असता तर नवल नव्हते. पण त्यांनी स्वतःकडे नीट पाहिले. पुढे उभे राहून गाण्यापेक्षा काचेमागे बसून दुसऱ्याचे गाणे घडवण्यात आपला हात चालतो, हे त्यांनी ओळखले. ते ध्वनिमुद्रणाचे सूत्रधार झाले. 1982 साली 'एबीसी' या मंडळाची 'द लेक्सिकन ऑफ लव्ह' ही तबकडी त्यांनी घडवली, ती इंग्लंडात गाजली. मग येसमधली काही मंडळी पुन्हा एकत्र आली, अँडरसन परतले, आणि नव्या तबकडीचा सूत्रधार कोण? तर हेच हॉर्न! तबकडीचे नाव '90125'. तिच्यातले 'ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट' हे गाणे जानेवारी 1984 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. येसच्या साऱ्या आयुष्यात तो मान मिळालेले तेवढे एकच गाणे. ज्याच्या नावाने ओरडून लोकांनी हॉर्नना खाली बसवले, त्याच गायकाच्या आवाजाला हॉर्न यांनी शिखरावर नेऊन बसवले. सूड कसा घ्यावा, ते यावरून शिकावे.

डाउन्स यांचेही बरेच झाले. स्टीव्ह हाव यांच्यासह त्यांनी 'एशिया' हे नवे मंडळ काढले आणि त्यांची 1982 सालची पहिलीच तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. म्हणजे 'ड्रामा'त भेटलेली माणसे कच्ची नव्हती, हे दोनच वर्षांत जगाला दिसले. फक्त 'ड्रामा' पुन्हा ऐकण्याचे पुष्कळांना सुचले नाही.

ते सुचायला फार वर्षे लागली. 2008 साली अँडरसन पुन्हा मंडळाबाहेर गेले आणि मग या गाण्यांना मैफलीत जागा मिळू लागली. 2011 साली डाउन्स परतले. हॉर्न आणि डाउन्स यांनी 1980 साली जे गाणे मंडळींना देऊ केले होते, त्याच गाण्याभोवती 'फ्लाय फ्रॉम हिअर' ही तबकडी त्या वर्षी निघाली. सूत्रधार हॉर्नच. जून 2015 मध्ये ख्रिस स्क्वायर वारले. पुढच्या वर्षी, 2016 साली, मंडळींनी युरोपच्या दौऱ्यात 'ड्रामा' ही अख्खी तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावर वाजवली. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हॉर्न स्वतः आले आणि 'टेम्पस फ्युजिट' गायले. काळ धावतो, असे सांगणारे ते गाणे. मध्ये छत्तीस वर्षे गेली होती.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. 2017 साली अमेरिकेतल्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या संस्थेने येसचा सन्मान केला. आठ जणांची नावे त्यात होती. हॉर्न आणि डाउन्स यांची नव्हती. मानाच्या यादीतही 1980 हे साल जणू गळून पडले.

शिक्षक मित्रांनो, तुम्हाला एक लहानसा प्रयोग सुचवतो. वर्गात मुलांना एकच गाणे दोन निरनिराळ्या गायकांच्या आवाजात ऐकवा. पहिल्या दिवशी गायकांची नावे सांगू नका. काय आवडले, का आवडले, ते मुलांना आधी वहीत लिहू द्या. मग नावे सांगा, आणि किती मुलांचे मत नाव कळल्यावर फिरते ते पाहा. यात मुलांना हसू नका, कारण मोठी माणसेही तेच करतात. पण नावाआधी गाणे ऐकायची सवय एकदा कानाला लागली, तर ती पुढे माणसे पारखतानाही उपयोगी पडते.

कारण हा प्रसंग काही फक्त गाणाऱ्यांवर येत नाही. गावातले लाडके गुरुजी बदलून जातात, नवे येतात, आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणते, "जुन्या गुरुजींसारखे नाहीत." नवी सून पहिल्यांदा आमटी करते, आणि ताटावरच सासूबाईंच्या आमटीची आठवण निघते. ती आठवण खोटी नसते. जुन्याविषयी माया असावीच. पण नव्या माणसाला आपण बहुधा जुन्याच्याच पट्टीत गायला लावतो आणि स्वर चुकला की मान हलवतो. त्याची स्वतःची पट्टी कोणती, हे विचारायचे राहून जाते.

'ड्रामा' ही तबकडी आज मोबाइलवरसुद्धा सहज ऐकायला मिळते. भाषा कळली नाही तरी चालेल. एखाद्या रात्री कामे आटोपली की सदतीस मिनिटे काढा आणि ऐका. नाही आवडली तर तसे खुशाल म्हणा. फक्त आधी ऐका. आणि येत्या एकादशीला भजनात तो पोरगा पुन्हा उभा राहिला, तर बुवांचे नाव काढण्यापूर्वी त्याचा एक अभंग पुरता होऊ द्या.